तासिली न'अज्जेर

तासिली न'अज्जेर हे उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया देशाच्या आग्नेय भागात, लीबिया आणि नायजर या देशांच्या सीमांजवळ पसरलेले वालुकाश्माचे विस्तीर्ण पठार आहे. सहारा वाळवंटाच्या मध्यभागी असलेले हे पठार वाऱ्यापाण्याने कोरलेल्या खडकांच्या सुळक्यांसाठी आणि त्याहून अधिक तेथील प्रागैतिहासिक शैलचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. येथे रंगविलेल्या व कोरलेल्या १५,००० पेक्षा अधिक चित्रांची नोंद झालेली आहे. युनेस्कोने १९८२ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर निवडल्या गेलेल्या मोजक्या स्थळांपैकी हे एक आहे. संरक्षित क्षेत्राचा विस्तार सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक चतुर्थांश आहे.

नाव

'तासिली' हा तुआरेग लोकांच्या तामाहाक भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ पठार असा होतो. 'केल अज्जेर' हा तुआरेगांचा या भागातील समूह. त्यांच्यावरून 'अज्जेरांचे पठार' असा नावाचा सरळ अर्थ लागतो. अनेक पुस्तकांत मात्र 'नद्यांचे पठार' असा अर्थ दिलेला आढळतो. आज तेथे बारमाही वाहणारी एकही मोठी नदी नाही. तरीही पठाराला चिरत गेलेल्या खोल घळी पाहिल्या म्हणजे हा दुसरा अर्थ कसा रूढ झाला असावा हे समजते. सहारात इतर ठिकाणीही तासिली नावाची पठारे आहेत, म्हणून नावाचा उत्तरार्ध गाळू नये.

भूरचना

पठार वायव्येकडून आग्नेयेकडे शेकडो किलोमीटर पसरले आहे. त्याची दक्षिण-पश्चिम बाजू उभ्या कड्यांची असून त्या कड्यांच्या पायथ्याशी जानेत हे मरूद्यानातील गाव वसलेले आहे. जानेत समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटरवर, तर पठाराचा माथा त्याहून पाच-सातशे मीटर उंच आहे. अद्रार अफाओ हे सर्वोच्च शिखर २,१५८ मीटर उंचीचे आहे.

पठाराचा खडक मुख्यतः वालुकाश्म आहे. प्राचीन काळी पाण्याने भेगा रुंद केल्या, नंतर वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने खडक घासला. त्यातून हजारो सुटे खांब, कमानी आणि अरुंद बोळ तयार झाले. या रचनेला 'दगडी जंगल' म्हणण्याची पद्धत आहे. नैसर्गिक कमानींची संख्याच ३०० च्या आसपास भरते. खडकांच्या तळाशी झीज अधिक होते, त्यामुळे पायथ्याला आत गेलेले, वर छज्जासारखा भाग असलेले आडोसे बनतात. या छज्जांनी ऊन आणि पाऊस अडवला म्हणूनच त्यांच्या भिंतींवरील रंग हजारो वर्षे टिकून राहिले.

खोल घळींत, सावलीच्या जागी, पावसाचे पाणी खडकातील कुंडांत महिनोन् महिने साठून राहते. अशा कुंडाला 'गेल्टा' म्हणतात. माणसे, गाढवे, रानमेंढ्या आणि पक्षी यांचा जीव या कुंडांवर अवलंबून असतो. इहेरिर खोऱ्यातील पाणवठे २००१ पासून रामसर स्थळ म्हणून संरक्षित आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत येथे मगरीही होत्या. सहाराच्या मध्यावर मगर हे वाक्य चमत्कारिक वाटेल. पण ओल्या काळातील नद्या आटत गेल्यावर उरलेल्या डबक्यांत अडकून राहिलेले ते अवशेष होते. शेवटच्या मगरी बंदुकीने मारल्या गेल्या.

याच ओल्या काळाचा दुसरा साक्षीदार म्हणजे सहारी सुरू (स्थानिक नाव 'तारूत'). तामरित आणि आसपासच्या खोऱ्यांत या वृक्षाची सुमारे २३० झाडे शिल्लक असून काहींचे वय २,००० वर्षांपेक्षा अधिक मानले जाते. या झाडाच्या बीजातील गर्भ केवळ परागकणापासून वाढतो, मातृवृक्षाचे गुणसूत्र त्यात उतरत नाही, असे २००१ मध्ये सिद्ध झाले. वनस्पतिसृष्टीत ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे.

हिरवा सहारा

शैलचित्रांत हत्ती, गेंडे, पाणघोडे, जिराफ आणि गुरांचे मोठमोठे कळप दिसतात. आजच्या ओसाड पठाराशी त्यांचा मेळ बसत नाही. त्याचे कारण खगोलशास्त्रात आहे. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेची आणि अक्षाची स्थिती अशी होती की उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात सूर्यप्रकाश आजच्यापेक्षा अधिक मिळे. जमीन अधिक तापे, समुद्रावरची ओलसर हवा अधिक जोराने आत खेचली जाई आणि पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेकडे सरकत असे. भारतातील मोसमी पाऊस याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये. त्या काळात सहारात गवताळ माळ, सरोवरे व नद्या होत्या. पुढे सूर्यप्रकाशाचे प्रमाण घटत गेले, पाऊस दक्षिणेकडे सरकला आणि माणसांना पाण्यामागे जावे लागले. काही नाईल नदीकडे गेली, काही दक्षिणेला साहेल प्रदेशात उतरली आणि काही पठारांच्या घळींत राहिली.

शैलचित्रे आणि त्यांचे कालखंड

अभ्यासक चित्रांचे साधारणपणे पाच गट पाडतात. गटांची नावे त्यांत वारंवार येणाऱ्या विषयावरून दिलेली आहेत. हे गट म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या पेट्या नव्हेत, त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात.

सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या गटात मुख्यतः कोरीव चित्रे आहेत आणि त्यांत रानटी प्राणी आढळतात. लांबलचक शिंगांचा, आता नामशेष झालेला महाकाय रानरेडा हा त्यांतील ठळक प्राणी. उत्तरेकडील वादी जेरात या घळीत अशी कोरीव चित्रे मोठ्या संख्येने आहेत.

दुसरा गट 'गोल डोक्यांचा'. या चित्रांतील माणसांची डोकी गोल व चेहरेपट्टीविना असतात, शरीरे जणू तरंगत असतात, अंगावर ठिपक्यांची वा पट्ट्यांची नक्षी असते. सेफार येथील तीन मीटरहून उंच 'महान देव' आणि जब्बारेन येथील सुमारे सहा मीटर उंचीची आकृती याच गटातील. जब्बारेन या नावाचा अर्थच 'राक्षस' असा आहे. या आकृती देवांच्या, मुखवटे घातलेल्या माणसांच्या की आणखी कशाच्या याविषयी एकमत नाही आणि त्यांच्या नेमक्या वयाविषयीही नाही.

तिसरा, पशुपालकांचा गट संख्येने सर्वांत मोठा आणि सामान्य वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा आहे. गुरांचे कळप, त्यांच्या अंगावरील वेगवेगळे पट्टे व ठिपके, झोपड्यांपुढे बसलेली माणसे, मुले, भांडणे, शिकार असे सारे त्यात आहे. प्रत्येक गाय वेगळी रंगविलेली दिसते. ज्याच्या दारी जनावर आहे त्याला हे नवल वाटणार नाही. काही चित्रांत सामान लादलेल्या बैलांवर स्त्रिया बसलेल्या असून सारा तांडा मुक्काम हलवीत आहे. जानेतच्या दक्षिणेस तेघर्घार्त येथे एका सुट्या खडकावर कोरलेल्या गाईंच्या डोळ्यांखाली थेंबासारखा आकार आहे. हे शिल्प 'रडणाऱ्या गाई' म्हणून ओळखले जाते. पाणी आटल्यामुळे त्या रडतात ही त्याविषयीची लोकप्रिय कथा. ती सुंदर आहे, परंतु कोरणाऱ्याच्या मनात तेच होते असे मानण्यास पुरावा नाही.

त्यानंतर घोडे व रथ येतात. पूर्ण वेगात धावणारे घोडे चारही पाय फाकवून जणू उडत आहेत असे रंगविलेले असतात. हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून सुरू होतो. अखेरचा गट उंटांचा असून तो सुमारे २,००० वर्षांपासून पुढचा आहे. त्याच्या जोडीला तिफिनाग लिपीतील लेख दिसतात. तुआरेग लोक ही लिपी आजही वापरतात, म्हणजे चित्रांच्या या परंपरेचे शेवटचे टोक आजच्या माणसांपर्यंत पोहोचते.

रंगांसाठी गेरू, लोहयुक्त दगड आणि पांढरी माती वापरली जाई. वय ठरविणे मात्र अवघड असते, कारण रंगात सेंद्रिय द्रव्य अत्यल्प उरलेले असते. कोरीव चित्रांबाबत एक साधी खूण उपयोगी पडते. वाळवंटातील खडकावर लोह आणि मँगनीजची काळसर पुटे चढत जातात. कोरताना ती निघून आतला फिकट दगड उघडा पडतो आणि कालांतराने रेषाही पुन्हा काळवंडते. रेषा जितकी काळी, तितके चित्र जुने असण्याची शक्यता अधिक. चित्रांतील प्राण्यांवरूनही अंदाज बांधता येतो. कोकणातील कातळशिल्पांत गेंड्यासारखे, आज तेथे नसलेले प्राणी आढळतात तेव्हा अभ्यासक याच पद्धतीने विचार करतात.

शेजारच्या लीबियातील तद्रार्त अकाकुस भागात ताकारकोरी येथे सापडलेल्या खापरांत दुधातील स्निग्धांशाचे अंश मिळाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही भांडी इसवी सनापूर्वीच्या पाचव्या सहस्रकातील आहेत. चित्रांतील गाई केवळ पूजेसाठी वा मांसासाठी नव्हत्या, त्यांचे दूधही काढले जात होते, हे त्यावरून कळते.

शोध, नकला आणि नुकसान

तुआरेग लोकांना ही चित्रे पूर्वीपासून ठाऊक होती. युरोपीय जगाचे लक्ष मात्र १९३० च्या दशकात, फ्रेंच उंटदळातील अधिकारी ब्रनां याने वादी जेरातमधील चित्रांची रेखाटने केल्यावर वेधले गेले. १९५६ व १९५७ मध्ये आंरी लोत (१९०३–१९९१) या फ्रेंच संशोधकाने चित्रकारांचे पथक घेऊन पठारावर दीर्घ मुक्काम केला. जेब्रिन या तुआरेग वाटाड्याने त्यांना अनेक जागा दाखविल्या. चित्रकारांनी भिंतींवर कागद लावून रेषा उतरविल्या व नंतर मूळ आकारात रंगीत नकला तयार केल्या. त्या पॅरिसमधील प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि १९५८ मध्ये लोत यांचे पुस्तक निघाले. तासिलीचे नाव जगभर झाले ते यामुळे.

या कार्याची दुसरी बाजू सांगितल्याखेरीज नोंद पुरी होत नाही. फिकट चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून पथकाने भिंती ओल्या स्पंजने पुसल्या. पाण्यामुळे रंग तात्पुरते खुलतात, परंतु त्याबरोबर भिंतीवरील पुटे आणि रंगाचे कण निघून जातात व क्षार वर येतात. पुढे आलेल्या पर्यटकांनीही छायाचित्रांसाठी हाच मार्ग अवलंबिला. नकलांतील काही भाग चित्रकारांच्या कल्पनेने भरलेले होते. पक्ष्यांची तोंडे असलेल्या, इजिप्शियन धाटणीच्या देवतांचे जे चित्र विशेष गाजले, ते पथकातीलच कोणी थट्टेने काढलेले होते असे पुढे उघड झाले. जेरेमी कीनन या मानवशास्त्रज्ञाने या साऱ्यावर परखड टीका केली आहे. जब्बारेनच्या मोठ्या आकृतीला लोत यांनी 'मंगळवासी देव' असे गमतीने म्हटले, आणि परग्रहवासीयांच्या कथा रचणाऱ्यांनी ती गंमत खरी धरली. या कथांना कोणताही आधार नाही. याउलट लोत यांच्या नकला निरुपयोगी ठरवणेही अन्यायाचे होईल, कारण मूळ भिंतीवर आता फिके झालेले तपशील त्यांत टिकून आहेत.

पठारावरील भटकंती आणि मुक्काम

पठाराच्या माथ्यावर मोटार जात नाही. जानेतहून वाहनाने कड्याच्या पायथ्याशी जाऊन पुढे पायी चढावे लागते. चढणीच्या खिंडीला 'अक्बा' म्हणतात. ताफिलालेत खिंडीतून तामरितला, तर अरूम खिंडीतून जब्बारेनला जाता येते. ताफिलालेतची वाट टप्प्याटप्प्याने चढते. मधल्या सपाटीवर आपण माथ्यावर पोहोचलो असे वाटते आणि पुढे दुसरा कडा उभा राहतो. सामान, धान्य आणि पाणी गाढवांवर लादलेले असते. चढाई अर्ध्या दिवसाची किंवा त्याहून अधिक वेळाची आहे. माथ्यावर आल्यावर तामरित, तिन ताझारिफ्त, सेफार अशी फेरी बहुधा चार ते सात दिवसांत केली जाते. ज्यांना इतके चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी आग्नेयेकडील तद्रार्त भाग आहे. तेथे लाल वाळूच्या टेकड्या आणि सुळके असून चारचाकी वाहने जातात.

योग्य काळ ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पायी फिरण्याचा विचारच करू नये. डिसेंबर-जानेवारीत दिवसा हवा सुखद असली, तरी रात्री तापमान शून्याजवळ किंवा त्याखाली जाते आणि सकाळी बाटलीतले पाणी गोठलेले आढळू शकते. वाळवंट म्हणून पातळ कपडे घेऊन गेलेल्यांचे हाल होतात. पाण्याची गरज थंडीतही कमी होत नाही. चालणाऱ्याने दररोज चार-पाच लिटर पाणी गृहीत धरावे. गेल्टातील पाणी उकळून किंवा गाळून, शुद्ध करूनच प्यावे आणि त्यात साबण वापरू नये. पुढचा पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही आणि त्याच कुंडावर रात्री जनावरे येतात.

मुक्कामाची जागा निवडणे ही पठारावरची खरी विद्या आहे. खडकांच्या बोळांत तळाशी वाळू असते, वारा अडतो, तेथे अंथरूण पसरणे सोयीचे. परंतु कोरड्या नदीपात्रात, कितीही मऊ वाळू दिसली तरी, राहू नये. कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखाली झोपलेल्यांवर येऊ शकतो. विंचू आणि शिंगाळा साप यांच्यामुळे सकाळी बूट झटकूनच पाय घालावा, दगड उचलताना आधी काठीने हलवावा. चित्रे असलेल्या आडोशात मुक्काम करण्यास मनाई आहे, आणि तेथे चूल तर कदापि पेटवू नये, कारण धुराची काजळी भिंतीवर कायमची बसते. सरपण म्हणून वाळून पडलेले लाकूडच घ्यावयाचे असते. तारूत वृक्षाच्या फांदीला, ती वाळलेली दिसली तरी, हात लावू नये.

तुआरेग वाटाडे रात्री 'तागेला' नावाची रव्याची जाड भाकरी करतात. विस्तव बाजूला सारून तापलेल्या वाळूत पीठ ठेवतात, वर वाळू व निखारे ओढतात. भाजल्यावर वाळू झटकून, धुऊन, तुकडे करून ती भाज्यांच्या वा मांसाच्या रश्श्यात कुस्करतात. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्यांना ही चव ओळखीची वाटेल. नंतर चहा होतो. हिरवा चहा तीन वेळा उकळून छोट्या पेल्यांत देतात. पहिला कडू, तिसरा गोड. तिसरा पेला होण्याआधी उठून जाणे असभ्य समजले जाते.

वाटाड्याशिवाय पठारावर जाता येत नाही. परदेशी पर्यटकांनी मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावे असा नियम आहे. २०२३ पासून अशा संस्थेमार्फत दक्षिणेकडे येणाऱ्यांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय झाली. नियम नसता तरी वाटाड्याची गरज होतीच. सेफार हे दगडी गल्ल्यांचे गावच आहे. प्रत्येक वळण मागच्या वळणासारखे दिसते आणि दहा मिनिटांत दिशा हरवते. सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. २००३ मध्ये अल्जीरियाच्या सहारात ३२ युरोपीय पर्यटकांचे सशस्त्र गटाने अपहरण केले. त्यांतील एका स्त्रीचा कैदेत असताना उष्णतेने मृत्यू झाला. त्यानंतर पर्यटन जवळजवळ थांबले. वाटाडे, गाढववाले आणि उंटवाले यांची उपजीविकाच त्यावर होती, त्यामुळे जानेतला त्याचा मोठा फटका बसला.

जानेतमध्ये मोहरम महिन्यात सबीबा हा उत्सव होतो. दोन वस्त्यांचे लोक शस्त्रे व अलंकार लेवून, स्त्रियांच्या गाण्याच्या व ढोलांच्या साथीने, नृत्यातून एकमेकांसमोर उभे राहतात. युनेस्कोने २०१४ मध्ये त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

संवर्धन

१९७२ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, १९८६ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि पुढे उद्यानाचे सांस्कृतिक उद्यानात रूपांतर झाले. चित्रांना स्पर्श करणे, त्यांवर पाणी शिंपडणे, खडूने रेषा गिरविणे किंवा जवळ नावे कोरणे हे गुन्हे आहेत. जमिनीवर पडलेली दगडी हत्यारे, जात्याचे दगड व खापरे उचलून नेणेही त्यात येते. वस्तू जेथे पडली तेथून हलली की तिचा अभ्यासासाठी असलेला अर्थ नाहीसा होतो, हे पर्यटकांच्या ध्यानात सहसा येत नाही. फिकट चित्रे वाचण्यासाठी आता भिंत ओली करण्याचे कारण उरलेले नाही. साध्या डिजिटल छायाचित्रातील रंग 'डी-स्ट्रेच' या संगणकीय पद्धतीने ताणले असता डोळ्यांना न दिसणाऱ्या आकृतीही पडद्यावर उमटतात.

एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पहारा ठेवणे कोणत्याही यंत्रणेला कठीणच आहे. बहुतेक चित्रस्थळी कुंपण नाही आणि पहारेकरीही नाही. प्रत्यक्षात पर्यटकांसोबत चालणारा वाटाडाच भिंतीपासून त्यांना दूर ठेवतो आणि मुक्काम उठताना चुलीचे दगड पुन्हा जागच्या जागी ठेवून राख वाळूखाली पुरतो.